पोट्ट्याला पाणी देणारी बाई

आईला घाबरलेली मी कधी पाहिलीच नव्हती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि नोकरीची सुरुवातीची वर्षं तिने अंजनगाव सुर्जीच्या आसपासच्या खेड्यांमध्ये काढली होती. वीज गेलेल्या खोल्यांत तिने बाळंतपणं केली, साप चावलेली माणसं बैलगाडीतून उतरवून घेतली, दारू पिऊन दवाखान्यात धिंगाणा घालणाऱ्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. लहानपणी मी पाल पाहून किंचाळले की हातातलं काम न सोडता ती म्हणायची, "तेच तुले भेते. जाऊ दे तिले."

त्यामुळे अकोल्याहून तिचा फोन आला आणि ती कुजबुजत म्हणाली, "हळू बोल, घरात कोनीतरी हाय," तेव्हा मीही नकळत आवाज खाली आणला. आईला भीती वाटावी असं घरात शिरलंय तरी कोण?

मी नवऱ्यासोबत अमरावतीला राहते, एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आई अकोल्याला आमच्या बैठ्या घरात राहायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यासोबत होता तो कुत्रा. बाबांनीच तो शेंदूरजनाघाटच्या एका मित्राच्या बगिच्यातून आणला होता, संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसवून. तांबूस, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. आई त्याला कधी नावाने हाक मारायची नाही. "पोट्ट्या" म्हणायची. आमच्याकडे पोट्टा म्हणजे मुलगा. मला भाऊ नाही, म्हणून गल्लीतले लोक गमतीने म्हणायचे, सिस्टरबाईले म्हातारपणी पोट्टा झाला.

"पोट्ट्या भुंकून राहिला का?" मी फोनवर विचारलं.

"नाही. माह्यापाशी बसला हाय."

क्षणभर मला हायसं वाटलं. अनोळखी माणूस फाटकाशी आला तरी हा कुत्रा गल्ली डोक्यावर घेतो. तो शांत आहे म्हणजे घरात कोणी नाही. आणि लगेच दुसरी भीती वाटली. घरात कोणी नसेल, तर आईला दिसतंय ते काय?

मी शेजारच्या चाचींना फोन केला. चाचींचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत. कुत्र्याचं तोंड कपड्याला लागलं तर नमाजेआधी कपडे बदलावे लागतात, म्हणून त्या आमच्या घरात सहसा येत नसत. भिंतीपलीकडून बोलायच्या आणि सणासुदीला पोट्ट्यासाठी वेगळ्या भांड्यात मटणाचे तुकडे द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि मला सांगितलं, "कोई नहीं है बेटी. सिस्टरबाई पलंगाखाली बॅटरी मारून पाहून राहिल्या. तू ये."

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आई अगदी नीट बोलली. आपल्या गोळ्यांची नावं तिने न अडखळता सांगितली. डॉक्टरांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने गोल काढला, सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले आणि मग त्या रिकाम्या अर्ध्या गोलाकडे नुसती पाहत राहिली. तिला समजलं होतं. नर्सला समजतंच. तिने कागद उलटा केला आणि मला म्हणाली, "चाल, घरी पोट्ट्या एकटा हाय."

विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. दिवस कलताना त्रास जास्त होईल. भीती वाटेल, भास होतील. वाद घालू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला येऊन राहिले. सकाळी आई माझी आईच असायची. भाजी निवडायची, चाचींशी भिंतीपाशी बोलायची, माझ्या पिकत चाललेल्या केसांवरून मला टोमणे मारायची. दुपारी झोपून उठायची तीही बरी. पण ऊन उतरायला लागलं, समोरच्या घराची सावली आमच्या ओट्यावर चढली, की तिचा चेहरा बदलायचा. हातांची चाळवाचाळव सुरू व्हायची. पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. दारं तपासायची. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की माझ्यावर नजर ठेवायची.

ती नजर मला सहन व्हायची नाही. एकदा मी चहा घेऊन तिच्यापुढे उभी राहिले तर ती अगदी नम्रपणे म्हणाली, "ठेवा तठी. तुमी कोन, कोनाकडून आल्या?" आई मला अहो-जाहो करत होती. रागावून 'कोण तू' म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मी कप ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्या वेळी तिच्याजवळ जाऊ शकायचा तो फक्त पोट्ट्या. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. सावली ओट्यावर आली की तो जिथे असेल तिथून उठायचा, तिच्या पायांशी येऊन बसायचा आणि आपलं सगळं वजन तिच्या पोटऱ्यांवर टाकायचा. आईचा हात आपोआप खाली जायचा. त्याच्या मानेवरच्या केसांत बोटं फिरायला लागली की पदर गुंडाळणं थांबायचं. मी दाराआडून पाहायचे. तिचा श्वास हळूहळू त्याच्या श्वासाच्या चालीवर येत असल्यासारखा वाटायचा. मला सगळं विसरली तरी त्याला विसरत नव्हती. याचं मला वाईट वाटायचं, आणि आधारही वाटायचा. तो नसता तर त्या घरात त्या वेळी आम्ही एकमेकींना घाबरणाऱ्या दोन बायका उरलो असतो.

मग तो दिवस आला.

मे महिना होता. अकोल्यातला मे. समोरच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून मोठा कूलर लावलेला आहे. त्याच्या टाकीत पाणी भरायचं तर अंगणात जाऊन नळी लावावी लागते. संध्याकाळचा दूधवाला येऊन गेला होता आणि आईने दूध तापत ठेवलं होतं. ते काम अजून तिच्या हाताला येत होतं. मी म्हटलं, दूध वर येईपर्यंत टाकी भरून घ्यावी. म्हणून अंगणात गेले आणि नळी लावली. पाणी नीट पसरतंय का ते पाहायला मी कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांजवळ वाकले, आणि माझी सावली आत पडली असणार.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग मागच्या दाराचा अडसर.

"आई?"

"चोर! चोर शिरला! धावा वं बाया हो!"

तिचा आवाज इतका कापत होता की मी आधी मागे वळून पाहिलं. खरंच कोणी आलंय का म्हणून.

मी दुसऱ्या खिडकीशी धावले. तिला लोखंडी गज आहेत, एक झडप उघडी होती. आई खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. एका हातात तिची छत्री, दुसऱ्या मनगटाला गुंडाळलेला पोट्ट्याचा लांब पट्टा. पोट्ट्या माझ्याकडे पाहून शेपटी हलवत होता.

"आई, मी हाय. दार उघड."

"माहीत हाय मले तू कोन होय ते! दूर हो खिडकीपासून!"

मी दूर झाले. खिडकीखाली ओट्यावर बसले. डॉक्टर म्हणाले होते वाद घालू नका, पण मग काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. माझा फोन आत टेबलावर होता. आरडाओरडा ऐकून चाची भिंतीशी आल्या. मी बोटाने खूण करून त्यांना गप्प राहायला सांगितलं. तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला.

दूध उतू गेलं होतं. मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेले. ती बंद होती, काचेतून शेगडी दिसत होती. भांड्याभोवती पांढरा फेस, आणि खाली ज्योत नव्हती. दुधाने बर्नर विझला होता. नॉब सुरूच होता. काचेच्या फटीतून गॅसचा वास यायला लागला.

मला त्यानंतरचा क्रम नीट आठवत नाही. एवढं आठवतं की माझी नजर कूलरवर गेली. आत त्याची मोटर चालू होती. मीटर आणि मेन स्विच बाहेर ओट्यावरच आहेत, माझ्या हाताच्या अंतरावर. मेन ओढला तर पंखा, कूलर, दिवा सगळं बंद होईल. पण ओढताना ठिणगी पडली तर? आणि आत काळोख झाला तर ती आणखी घाबरून स्वयंपाकघरात जाईल, मेणबत्ती शोधेल, काडी ओढेल. माझा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"दरवाजा तोडू का?" चाची हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुकानातून मानसं बोलावते."

"नको. धक्क्यानंच मरून जाईन ती."

स्वयंपाकघराची काच मी दगडाने फोडली असती. पण आवाज झाला की ती त्याच बाजूला येणार, गॅस भरलेल्या खोलीत. मी पुन्हा समोरच्या खिडकीखाली येऊन बसले आणि कान दिला. आई बोलत होती. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"भेऊ नको रे पोट्ट्या. मी हाओ ना. तुले काही होऊ नाही देनार मी. ते बाई हाय ना बाहेर, ते माह्या पोरीसारखी दिसते. पन माही पोरगी लहान हाय. शाळेतून येईन आता. हे लोकं मले नेऊन टाकतीन कुठीतरी, मंग पोरगी आल्यावर तिले दार कोन उघडून देईन?"

मी तोंडावर हात दाबून धरला. आई माझ्यासाठीच घाबरली होती. दार तिने माझ्यासाठीच लावून घेतलं होतं, माझ्यापासून.

गॅसचा वास वाढत होता. आत पोट्ट्याला तो माझ्याआधी आला असेल. तो शिंकला. पुन्हा शिंकला. मग त्याच्या नखांचा फरशीवरचा आवाज आला आणि तो दाराशी येऊन कुंई कुंई करू लागला. तशी ती त्याच्या रोजच्या फेरीचीही वेळ होती. त्याला गॅस सहन होत नव्हता, फेरीला जायचं होतं की माझ्याकडे यायचं होतं, मला सांगता येणार नाही. तो दार खरवडत होता एवढं खरं.

"थांब रे. बाहेर ते हाय."

खरवडणं थांबलं नाही.

"लागली का तुले? घरात नोको करू. थांब." आईच्या आवाजातली धार जरा कमी झाली. मग ती नेहमीच्या, रोजच्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "हे पोट्टं काही आयकत नाही बाप्पा. चाल. तू माह्या मांगं राय."

कडी निघाली. मी ओट्यावरून उडी मारून अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे लपले. चाची भिंतीखाली बसल्या. दार उघडलं. आधी छत्रीचं टोक बाहेर आलं, मग आई, मग पोट्ट्या. ती त्याच्यापुढे चालत होती, छत्री भाल्यासारखी धरून. सत्तरी ओलांडलेली, चप्पल न घातलेली, कापणारी बाई, कुत्र्याला पाठीशी घालून, तिला वाटणाऱ्या सगळ्या चोरांच्या समोर बाहेर आली. भीती गेली म्हणून नाही आली. त्याला बाहेर जायचं होतं म्हणून आली.

त्या दोघांनी फाटक ओलांडलं तशा चाची भिंतीवरून आमच्या अंगणात उतरल्या. मला हाताने 'तू जा' म्हणाल्या आणि सरळ घरात शिरल्या, दारातल्या पोट्ट्याच्या केसांनी भरलेल्या पोत्यावर पाय देऊन. त्यांनी एकाही बटणाला हात लावला नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, स्वयंपाकघराच्या खिडक्या आणि मागचं दार उघडलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी गल्लीत होते, आईपासून बऱ्याच अंतरावर, भिंतींच्या कडेकडेने चालत.

जवळ जायची हिंमत नव्हती. तिने वळून पाहिलं आणि पुन्हा ओरडत धावली तर? पुढे मोठा रस्ता आहे. ऑटो, ट्रक, एसट्या. लांब राहिले तर पोचणार नाही, जवळ गेले तर पळेल. पायाखालचं डांबर अजून भाजत होतं. ती अनवाणी होती आणि तिला ते जाणवतही नव्हतं.

पोट्ट्या मात्र रोजच्यासारखा चालला होता. कडुलिंबाशी थांबला. पिठाच्या गिरणीच्या पायरीचा वास घेतला. रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यावर पाय वर केला. आई प्रत्येक ठिकाणी थांबत होती. गिरणीपर्यंत छत्री पुढे रोखलेली होती. प्लॉटजवळ ती खाली आली. मग ती छत्री टेकत चालायला लागली.

मोठ्या रस्त्याशी मात्र ती थांबली नाही. रस्त्यापलीकडे सरकारी दवाखाना आहे. तिथे तिने नोकरीची शेवटची वर्षं काढली. तिने पदर सारखा केला, जसा ड्यूटीवर जाताना करायची, आणि पाऊल रस्त्यावर टाकलं. मी धावले. पोचणार नव्हतेच.

पोट्ट्या खाली बसला. त्याची फेरी त्या कोपऱ्यापर्यंतच असते, त्यापुढे तो कधी गेलेला नाही. आईच्या मनगटाला गुंडाळलेला पट्टा ताणला गेला. तिने ओढलं. तो बसूनच राहिला, मान ताणून, पंजे रोवून. एक ट्रक इतक्या जवळून गेला की तिच्या लुगड्याचा काठ उडाला.

"चाल ना रे," ती म्हणाली.

तो उठला आणि घराकडे वळला. ती दोन्हीकडे पाहत उभी राहिली, रस्त्याकडे आणि त्याच्याकडे. मग त्याच्यामागे निघाली. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसले. ते दोघं माझ्या मागून गेले. पोट्ट्या माझ्या पाठीशी थबकला, माझ्या कोपराला त्याचं ओलं नाक लागलं, आणि तो पुढे गेला. 

दुसऱ्या बोळातून पळत मी त्यांच्याआधी घरी आले. गॅसचा वास निघून गेला होता. चाची ओट्यावर उभ्या होत्या. मी नळाखाली त्याचं भांडं धरलं आणि फाटकाशी बसले. का, ते ठरवलं नव्हतं. हातात काहीतरी असावं म्हणून.

आई आली. माझ्याकडे पाहून थांबली. छत्री पुन्हा वर जायला लागली.

"कोन वं तू?"

"आई, मी..." एवढं माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

"पोट्ट्याले पानी पाजाले आली, बाई."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची जीभ लोंबत होती. तो माझ्याकडे आला, भांड्यात तोंड घातलं आणि लपालपा पाणी प्यायला लागला. ती त्याला पाहत होती. 

"पाज," ती म्हणाली. "लय धापून राहिला." मग थोड्या वेळाने, "तुह्या हातचं पेते, म्हनजे तू चांगली असशीन."

मी तिचे पाय धुतले. तळव्यांना फोड आले होते. तिने धुऊ दिले. चाची भिंतीपलीकडे परत गेल्यावर मी म्हटलं, तुमचे कपडे खराब झाले. त्या म्हणाल्या, "कपडे धुतल्या जातात बेटी. जान वापस नाही येत."

त्यानंतर मी आईला अमरावतीला घेऊन आले, अर्थात पोट्ट्यालाही. माझा नवरा कुत्र्यांच्या जवळ जाणारा माणूस नाही. पण बडनेऱ्यापर्यंत सगळा वेळ गाडी चालवताना तो आरशात मागच्या सीटकडे पाहत होता. तिथे आई पोट्ट्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि त्याला बाहेरची गावं दाखवत होती. "हा जर रस्त्यात उतरला तर काय करू आपन?" तो मला हळूच म्हणाला. मला त्याची भीती कळली. आम्हाला सगळ्यांनाच आता तेच वाटत होतं. हा आहे तोवर ठीक.

आमच्या घरी आई दिवसाही ओळख विसरू लागली. संध्याकाळी मी 'पोट्ट्याला पाणी देणारी बाई' होते. तिने दिलेली ती नोकरी मी निमूटपणे केली. भांडं हातात असलं की मला घरात फिरायची मुभा असायची. मी भांडं घेऊन तिला गोळ्या द्यायचे, भांडं घेऊन तिचे केस विंचरायचे. कधीकधी ती मला सांगायची, "माही पोरगी अमरावतीले राहते. लय शिकली. तिले फुरसत नाही." मी म्हणायचे, "येईन ना ती." आणि पोट्ट्या आमच्या दोघींच्या मध्ये आडवा पडलेला असायचा.

दिवाळीच्या आधी तो आजारी पडला. जेवेना, उठेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी गोचिडाचा ताप सांगितला, रक्त फार कमी झालंय म्हणाले. त्यांनी त्याला सलाइन लावलं तेव्हा मी त्याच्या डोक्याशी बसले होते आणि मला लाज वाटेल असं काहीतरी मनात मागत होते. याला ठेव. याच्याऐवजी काहीही घे. घरी आई फाटकाशी उभी असायची. "माहा पोट्ट्या कुठी नेला?" एवढंच विचारायची, दिवसभर, येणाऱ्याजाणाऱ्याला. संध्याकाळी तिच्याजवळ कोणालाच जाता येत नव्हतं. नवऱ्याने एकदा तिचा हात धरायचा प्रयत्न केला तर तिने चावा घेतला. मी दाराबाहेर बसून रडले. तिच्यासाठी, त्याच्यासाठी, कशासाठी ते कळत नव्हतं.

पोट्ट्या वाचला. घरी आला तेव्हा हाडं मोजता येतील असा झाला होता. आईने त्याचा ताप बघितला. हाताच्या पाठीने, कानाच्या आतून, मग पोटाला. हिरड्या दाबून पाहिल्या, नर्सच्या हातांनी, अगदी न चुकता. "रक्त कमी हाय याच्यात," ती मला म्हणाली. "याले अंडं देजो." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "तू कावून रडतं वं? तुह्या तोंडावरची कळाच गेली. जेवली का?" ती मला ओळखून म्हणाली की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी फक्त जेवले नाही असं सांगितलं.

थंडी सरता सरता आईला निमोनिया झाला. शेवटचे दिवस ती घरीच होती, डॉक्टर येऊन पाहून जायचे. तिला आता भीती वाटत नव्हती. तेवढंही बळ उरलं नव्हतं. एका सकाळी ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं, पोट्ट्या पलंगाला लागून बसला होता, तिचा हात खाली लोंबत त्याच्या पाठीवर होता. मी खिडकीचा पडदा सारून वळले तेव्हा सगळं तसंच दिसत होतं. फक्त तिची बोटं त्याच्या केसांत हलत नव्हती. पोट्ट्या उठला नाही. हात खाली पडेल म्हणून उठला नसावा, असं मला वाटलं. मीही काही वेळ कोणाला हाक मारली नाही.

आता भीती माझ्याकडे आली आहे. वर्गात शिकवताना एखाद्या नदीचं नाव जिभेवर येत नाही आणि मी नकाशाकडे वळून ते शोधते. चाव्या सापडल्या नाहीत की मी शोधत नाही, आधी बसते. हा आजार आईकडून मुलीकडे जातो का, हे मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता वाचवत नाही. शेवटी मागच्या महिन्यात नवऱ्याला बाजारात जाते असं सांगून मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं. आकडे सगळीकडे सारखे आले की नाही, ते मी तीनतीनदा पाहिलं. डॉक्टर म्हणाले, सध्या काळजीचं कारण नाही. 'सध्या' हा शब्द मी घरी येईपर्यंत उलटून पालटून पाहिला.

घरी कोणी नव्हतं. पोट्ट्या मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली माती उकरून तिच्या गारव्यात पडला होता. त्याच्या तोंडावर आता बरेच पांढरे केस आहेत. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, घड्याळ, आणि मला किती भीती वाटते ते. हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.  त्याने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली, आणि सरकून आपली पाठ माझ्या मांडीला टेकवून पुन्हा झोपला. मी हात त्याच्या पाठीवर ठेवला. माझी भीती गेली नाही. पण माझी बोटं हलत होती, आणि त्याच्या कातडीखाली उष्ण, संथ श्वास वर येत होता, खाली जात होता. मी तिथेच बसून राहिले, नवऱ्याच्या गाडीचा आवाज येईपर्यंत.